बफेलचा हंगाम

सिग्नल हिरवा झाला तरी अंपारोचा पाय ब्रेकवरच राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्या गाडीने. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर, दोन्ही अंगांनी गाड्या वाहत असताना, एक म्हातारा गवतात वाकून उभा होता. डोक्यावर पेंढ्याची हॅट, पांढरा सदरा विजारीत नीट खोचलेला. डावी मूठ पोटाशी धरून उजव्या हाताने तो गवताचे तुरे खालून वर ओरबाडत होता, आणि तुरा हातात आला की न बघता तो डाव्या मुठीत सरकवत होता. ती हालचाल तिच्या ओळखीची होती. माणूस ओळखीचा आहे हे तिला त्यानंतर कळलं. आधी हात ओळखीचे वाटले, मग पाठीचं ते किंचित डावीकडे झुकणं. तो तिचा बाप होता, एलिहियो. घर इथून बरंच लांब होतं, आणि मध्ये दोन मोठे रस्ते ओलांडावे लागत होते.

गाडी तिने पेट्रोलपंपाच्या आवारात कशीबशी लावली आणि हात वर करून रस्ता ओलांडला. जवळ गेल्यावर हाक मारायला तिला भीती वाटली. दचकला तर मागे पाऊल टाकेल. म्हणून ती त्याच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिली. एलिहियोने मान न वळवता तिला सांगितलं की बी चांगलं भरलंय, पण आठवडाभरात गळून जाईल, आणि ही माणसं नुसती गाड्या फिरवतात, कुणाला काही पडलेली नाही. ती हो म्हणाली. मग त्याचा कोपर धरून म्हणाली, "पापा, ऊन फार झालंय. चला, गाडी आणलीय." तो लगेच निघाला. इतक्या सहज निघाला की तिला रडू आलं. तिचा बाप कुणाच्या सांगण्यावरून कधी कुठून निघालेला तिला आठवत नव्हता.

गाडीत बसल्यावर तिने पाहिलं, त्याचे दोन्ही खिसे फुगले होते, छातीवरच्या खिशातून पिवळट लव बाहेर आली होती. आणि तिच्या स्वतःच्या मोज्यांत, बुटांच्या नाड्यांत, पँटच्या घडीत तेच बी अडकलेलं होतं. ती सकाळपासून शहराच्या पश्चिमेच्या डोंगरउतारावर ह्याच गवतात गुडघे टेकून काम करत होती, फक्त उलट्या दिशेने. ती उपटत होती. दोघांच्या अंगावर एकच बी घेऊन गाडी टुसॉनच्या रस्त्यांवरून घराकडे चालली होती, आणि एअरकंडिशनरच्या वाऱ्यावर एखादं कुसळ उठून काचेला चिकटत होतं. एलिहियो ते बोटाने टिपून परत खिशात ठेवत होता.

बफेल. तिच्या लहानपणी गवताच्या ह्या नावाला वास होता. सीमेच्या पलीकडे, सोनोरात, कार्बोच्या बाजूला, जिथे ते राहत, तिथे बाप संध्याकाळी घरी यायचा तो हा वास घेऊन. वाळलेला, गोडसर, पोत्याच्या आणि घामाच्या मधला. आई त्याला दारातच उभा करून सदऱ्यावरची कुसळं वेचायची आणि म्हणायची की नवरा की मेंढरू, कळत नाही. त्या गवताआधी तिथे काय होतं हे अंपारोला धूसर आठवतं. दोन बुलडोझर मध्ये जाड साखळी ताणून शेजारी शेजारी चालायचे, आणि साखळीपुढे वाळवंट झोपत जायचं. पालो वेर्देची हिरव्या सालीची झाडं, काटेरी झुडपं, आणि साग्वारो निवडुंग, दोन-दोन मजली उंच, हात वर केलेले, ते पडायचे तेव्हा आत पाणी असल्यामुळे धप्प असा ओला आवाज व्हायचा. मग सगळं वाळू द्यायचं, पेटवायचं, आणि राखेत बफेल पेरायचं. एलिहियो पेरणारा होता. गळ्यात पोतं अडकवून तो चालायचा आणि त्याच्या हातातून ती लव हवेत उडायची, आणि पावसानंतर जिथे नुसती माती होती तिथे कंबरेएवढं गवत. गुरं धष्टपुष्ट झाली. शाळेला बूट आले. धाकट्या अन्सेल्मोच्या छातीचं दुखणं शहरातल्या डॉक्टरकडे नेता आलं. त्या गवताला घरात कुणी कधी वाईट शब्द बोललं नाही, बोलणार कसं? जेवताना ज्यांचे आभार मानतात त्यांत तेही असायचं, नाव न घेता.

तिने मात्र आयुष्य त्याच गवताच्या मागे काढलं. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकली, आणि पुढे कायमची नोकरी कधी मिळाली नाही की तिने कधी धरली नाही, हे तिचं तिलाही आता नक्की सांगता आलं नसतं. हंगामी कामं. वसंतात एकदा, उन्हाळी पावसानंतर एकदा; ऋतू संपला की काम संपलं, मग पुढच्या ऋतूपर्यंत एका रोपवाटिकेत कुंड्या भरायच्या. कामाचं स्वरूप सोपं होतं. जळालेल्या जमिनीच्या ठरलेल्या तुकड्यांवर दर हंगामात जायचं, टेप ताणायचा, चौकट टाकायची, आणि चौकटीत काय उगवलंय, काय मेलंय, काय मरायचं राहिलंय ते मोजायचं, आणि चौकटीबाहेर बफेल सापडेल तेवढं उपटायचं. त्या वाळवंटाला आग माहीतच नव्हती. झाडाझाडांत मोकळी माती असे, ठिणगी पडली तरी तिथेच विझे. बफेलने ती मोकळी माती भरून टाकली. मागच्या वर्षी जूनमध्ये पश्चिमेचा उतार पेटला तेव्हा शहरातले लोक गच्च्यांवर खुर्च्या टाकून बघत होते. अंपारोही रोपवाटिकेच्या दारात उभी राहून बघत होती. वारा फिरला आणि धुराचा वास आला, आणि क्षणभर तिला अतिशय बरं वाटलं. घरी आल्यासारखं. बाप दारात उभा आहे, आई कुसळं वेचते आहे. मग तिला समजलं की आपल्याला कशामुळे बरं वाटतंय, आणि ती आत जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. बापाला तर तिने हेही सांगितलं नव्हतं की ती काय करते. "झाडांचं काम" असं ती म्हणायची, आणि एलिहियो समाधानाने मान हलवायचा, की पोरगी आपल्याच वळणावर गेली.

घरी ओफेलियाबाई फाटकाशीच उभ्या होत्या, हातात मोबाइल, डोळे सुजलेले. अंपारो कामावर असताना शेजारच्या ह्या बाई त्याच्याकडे लक्ष ठेवत. त्या म्हणाल्या की मी फक्त कपडे वाळत घालायला गेले, वळून बघते तर खुर्ची रिकामी. मग, शब्द जपून वापरत, म्हणाल्या की अंपारो, माझंही वय झालं, उद्या काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू. त्यात राग नव्हता. संध्याकाळी अन्सेल्मोचा फोन आला. तो फिनिक्सला असतो. त्याने एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती; एक खोली रिकामी होणार होती, सोमवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. तो म्हणाला, "तू हंगाम सोडणार आहेस का? नाही ना? मग?" ती म्हणाली, विचार करते. तो म्हणाला की ताई, तू दोन वर्षं विचारच करतेयस. एलिहियो तेव्हा टेबलाशी बसून तॉर्तियाचा तुकडा घेवड्यात बुडवत होता आणि तिच्याकडे बघून हसत होता, जणू फोनवर त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी परसदारी कचरा टाकायला गेली तेव्हा तिने सहज कुंपणापलीकडे पाहिलं. घरामागून एक कोरडा ओढा जातो, पावसाळ्यात दोन-चार वेळा वाहतो आणि बाकी वर्षभर नुसती वाळू. त्या वाळूच्या काठावर कोवळं हिरवं काहीतरी उगवलं होतं. ती कुंपण ओलांडून गेली. बफेल. वितीएवढं. पण तिला थांबवलं ते त्याने नाही, त्याच्या ओळींनी. सरळ, सारख्या अंतराच्या, ओढ्याच्या वळणाबरोबर हळुवार वळत गेलेल्या ओळी. कुठे दगड आला तर ओळ त्याला वळसा घालून पुन्हा मूळ जागी येत होती. हे एका दिवसाचं काम नव्हतं. पावसाआधी, सगळा उन्हाळा, ती डोंगरावर असताना आणि ओफेलियाबाई कपडे वाळत घालत असताना, तो इथे येत होता. तिने रागावण्याची वाट पाहिली. राग आला नाही. ह्या ओढ्यातून बी वाहत खाली जाणार, खालून मोठ्या ओढ्यात, तिथून कुठे कुठे, हे सगळं तिला पाठ होतं, आणि तरी ती त्या ओळींकडे बघत राहिली, जसं कुणी जुनं हस्ताक्षर बघत राहावं. किती सुंदर पेरतो हा माणूस, तिला वाटलं. कार्बोला असताना हे तिला कधी दिसलं नव्हतं. तेव्हा ती फार बुटकी होती, किंवा गवत फार उंच.

मग ती घरात जाऊन कुदळ घेऊन आली. मुळासकट काढावं लागतं, नाहीतर परत फुटतं. ती एकेक ओळ काढत गेली आणि काळ्या पिशवीत भरत गेली. ऊन चढलं. पाठ भरून आली. आपण हे हातानं किती वेळा केलंय, किती उतारांवर, आणि हात कधी असे जड झाले नाहीत. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा तिला जाणवलं की कुणीतरी उभं आहे. एलिहियो कुंपणाशी येऊन थांबला होता, हातात कॉफीचा पेला. तो उखडलेली वाळू बघत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या हातात कुदळ होती, पायाशी पिशवी होती, लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"गुरं शिरली," तो म्हणाला.

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात अशी विनवणी होती की ती म्हणाली, "हो पापा. शिरली."

"कुंपण बांधायला पाहिजे."

"बांधू."

तो म्हणाला की गुरांना दोष नाही, ती कोवळं दिसलं की येणारच. मग कॉफीचा पेला त्याने कुंपणावरून तिच्या हातात दिला, तू पी म्हणून. भरपूर साखरेची, गार झालेली कॉफी. ती तिने उभ्या उभ्या पिऊन टाकली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला उतारावर जायचं होतं आणि ओफेलियाबाईंना डॉक्टरकडे. तेव्हा तिने वर्नाला फोन करून विचारलं की बापाला बरोबर आणलं तर चालेल का. वर्ना आंतोन तिची हंगामाची जोडीदार. किती तरी वर्षं दोघी एकाच टेपची दोन टोकं धरत आल्या होत्या. वर्ना ओओधाम जमातीची. वाळवंट आधी तिच्या लोकांचं, मग बाकी सगळ्यांचं. वर्ना म्हणाली, "आण की. तुझ्यापेक्षा तरी बोलका असेल." पहाटे गार असतानाच ते तिघे निघाले. एलिहियोला पुढे बसवलं होतं. तो रस्त्याकडेच्या प्रत्येक गाईबद्दल मत देत होता, आणि वर्ना मागून त्याला मुद्दाम उचकवत होती, की आमच्याकडच्या गाई बघा, तुमच्या गाई म्हणजे नुसती शिंगं. त्यावर तो असा खुलला की त्याने तिच्या गावातल्या कुणाकुणाची नावं घेऊन चौकशी केली, ती माणसं त्याच्या ओळखीची असल्यासारखी. वर्नाने प्रत्येक नावाला उत्तर दिलं. खरी दिली की बनवून दिली, अंपारोला कळलं नाही.

उताराच्या पायथ्याशी एक मोठा पालो वेर्दे आगीतून वाचला होता. त्याच्या सावलीत त्यांनी त्याची खुर्ची मांडली, पाण्याची बाटली, टोपलीत बुरितो. गाडी डोळ्यांसमोर होती, उतार मोकळा होता, वरून तो दिसत राहणार होता. त्या दोघी टेप घेऊन वर गेल्या. जळालेल्या जमिनीवर दुसऱ्या पावसाचं बफेल आलं होतं, मागच्या वर्षीपेक्षा दाट, वाऱ्यावर एका अंगाने झुकणारं, आणि त्यातून साग्वारो उभे होते. बुडाशी काळे, त्याच्यावर पेंढ्यासारखे पिवळे, आणि अगदी वर अजून हिरवे. असा जळालेला साग्वारो लगेच मरत नाही. आतल्या पाण्यावर काही वर्षं उभा राहतो, फुलतो, फळ धरतो, आणि मग एखाद्या वादळात पडतो. वर्नाची मावशी दर उन्हाळ्यात ह्याच उताराखाली तळ टाकायची. लांब काठीने फळं काढायची, उकळून त्यांचा गडद लाल पाक करायची. वर्नाच्या भाषेत ही झाडं नव्हेत, माणसंच. मेलं तर गेला म्हणतात.

चौकट टाकून दोघी वाकल्या असताना अंपारो म्हणाली. ठरवून नाही. तोंडातून आलं.

"वर्ना, माझ्या बापाने हे पेरलंय."

वर्नाने मान वर केली. "इथे?"

"नाही. तिकडे, कार्बोला. पोत्यांनी. वर्षानुवर्षं."

वर्नाने चौकटीतली काडी मोजून बाजूला केली. मग दुसरी. अंपारोला वाटलं, आता काहीतरी बोलेल, काहीही. खाली, सावलीत, एलिहियोची हॅट दिसत होती. वारा पडला होता. वर्ना उठली, टेपचं टोक पुढच्या खुणेवर नेऊन रोवलं, आणि तिथूनच, तिच्याकडे न बघता, म्हणाली की मावशीने दोन उन्हाळे पाक केला नाही. दुसऱ्या उतारावर जाऊ म्हटलं तर नको म्हणते. तिथले माझ्या ओळखीचे नाहीत म्हणते.

"मला माहीत आहे," अंपारो म्हणाली.

"त्याला मी काही बोलणार नाही. म्हातारा माणूस आहे, आणि मला आवडला. पण काही हरकत नाही असंही माझ्या तोंडून निघणार नाही. तेवढं मागू नकोस."

"नाही मागत."

"मग टेप ताण. ढिला पडलाय."

अंपारोने टेप ताणला. तिला हलकं वाटलं नाही, पण काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटलं, जसा निखळलेला खांदा कुणी न सांगता बसवावा. त्या काम करत राहिल्या. मध्येच वर्नाने विनोद केला, वरच्या ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी, आणि अंपारो हसली. हसता हसता तिने सवयीने खाली पाहिलं तर खुर्चीवर हॅट होती. नुसती हॅट.

उतारावरून पळणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. दगड सुटत होते, चोया निवडुंगाचे काटे पोटरीत घुसत होते, आणि डोक्यात एकदम सगळं. खालचा खडक, घळ, ऊन, साप, अन्सेल्मोचा आवाज, सोमवार. वर्ना उजवीकडून गेली, ती डावीकडून. हाका मारत होती, पापा, पापा, आणि तो शब्द गवतातून जाऊन कशालाच न लागता परत येत होता. इतकं दाट गवत, की माणूस बसला तर दिसू नये. हेही ह्यानेच पेरलेलं, असं क्षणभर मनात आलं आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. मग तिला एका बुटक्या टेकाडाआड गवताची शेंडी हलताना दिसली. वारा नव्हता तरी हलत होती. ती धावत वळसा घालून गेली आणि थांबली.

एलिहियो एका साग्वारोच्या बुडाशी गुडघ्यांवर बसला होता. उघडं डोकं, घामाने चिकटलेले पांढरे केस. साग्वारो फार जुना होता, बरेच हात असलेला, आणि बुडाला पुरुषभर काळा. एलिहियो त्याच्याभोवतीचं गवत उपटत होता. दोन्ही हातांनी, मुळापासून, पीळ देऊन, झटकून, मागे टाकून. त्याने झाडाभोवती हातभर माती उघडी केली होती, वर्तुळाचा चतकोर. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. तिची चाहूल लागली तसा तो मान न वळवता म्हणाला, "बरं झालं आलास. हात लाव जरा. उद्या पेटवणार आहेत."

तिच्या डोक्यावर रुंद हॅट होती, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्याशी फडकं, अंगात पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट. ती त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली.

"तू नवा आलायस का?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता आवाज खाली आणला. "मालकाला बोलू नकोस हं. त्याला सगळं सपाट पाहिजे. उभं काही राहिलं की ट्रॅक्टर अडतो म्हणतो. साखळीतून सुटलेला एखाददुसरा मी ठेवतो. बुडाशी गवत नसलं की जाळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचं, हा राहिला बाबा, काय करणार."

तिच्या हातात गवताचं बूड होतं. ते तिने उपटलं. पुढचं धरलं. कार्बोच्या त्या हिरव्या सपाटीत मध्येच कुठेतरी एकटे उभे साग्वारो असायचे, हे तिने लहानपणी पाहिलं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. ते का राहिले हे कुणी विचारलं नव्हतं. काही गोष्टी राहतात, तसे राहिले असतील.

"हाच का ठेवायचा?" तिने विचारलं. आवाज तिचा तिला ओळखू आला नाही.

एलिहियो थांबला. मनगटाने कपाळ पुसलं, कपाळावर राखेचा पट्टा उमटला. "घरी पोरगी आहे ना माझी," तो म्हणाला. "एवढीशी. संध्याकाळी दारात उभी असते. दुसऱ्यांची पोरं बापाला विचारतात, खायला काय आणलं. ही विचारते, आज कोण उभं राहिलं? अन् खोटं चालत नाही तिला. तोंडाकडे बघत राहते." तो हसला. "म्हणून एक तरी ठेवावा लागतो."

अंपारोने त्या दाराची आठवण धुंडाळली. दार होतं. उंबरा होता, त्याला पडलेली चीर होती, आईचे हात होते, सदऱ्यावरची कुसळं होती. प्रश्न नव्हता. ती स्वतः तिथे कुठे उभी होती, काय बोलत होती, काहीच नव्हतं. तिने पुन्हा शोधलं. मग तिला एक पोरगी दिसली, पण ती बापाच्या बाजूने दिसत होती, उतरत्या उन्हात डोळे बारीक केलेली, लांबून येणारी. ही आठवण तिची नव्हती, त्याची होती, आणि ती आत्ताच तिच्या हातात आली होती.

मागे पावलं वाजली. वर्ना येऊन उभी राहिली होती, धापा टाकत. तिने बरंचसं ऐकलं असावं. ती त्या काळ्या बुडाकडे बघत राहिली, मग वर, हातांकडे. हा आता जगणार नाही हे तिथे दोघींना माहीत होतं. दोन वर्षं, फार तर तीन. वर्नाने फडक्याने तोंड पुसलं, पलीकडच्या बाजूला गेली, आणि गुडघे टेकले. "एवढ्याने भागायचं नाही," ती म्हणाली. "रुंद करा. ह्याला ज्वाळ लांबून गाठते."

"हा बरोबर बोलतो," एलिहियो अंपारोला म्हणाला.

पुढे थंडीत त्याला त्या वृद्धाश्रमात न्यावं लागलंच. अन्सेल्मो आला, दोघांनी मिळून कपाट लावलं, खोली बरी होती, एलिहियोने तक्रार केली नाही, आणि त्यामुळेच निघताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पण त्या सोमवारी अंपारोने नाही म्हणून कळवलं, आणि हंगाम संपेपर्यंत, सोप्या उताराच्या दिवशी, तो त्यांच्याबरोबर येत राहिला. वर्ना त्याला हातमोजे आणायची. तो ते खिशात ठेवायचा. एका सकाळी वर्नाने मावशीलाही आणलं. ती म्हातारी खुर्चीवर बसून त्याचं काम बघत राहिली, आणि जाताना आपली पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवून गेली. ते सगळं नंतर. त्या दिवशी तिघे वर्तुळ पुरं करत होते. ऊन डोक्यावर आलं होतं, मातीला जुन्या राखेचा आणि ओल्या मुळांचा वास येत होता, आणि अंपारोला तो वास घेताना लपून बसावंसं वाटलं नाही.

"मग आज काय सांगणार तिला?" तिने विचारलं.

एलिहियोने डोळ्यांवर हात धरून मान मागे टाकली आणि बुडापासून शेंड्यापर्यंत तो साग्वारो पाहिला. वरच्या हिरव्या भागावर एक पक्षी येऊन बसला आणि उडून गेला. "सांगेन," तो म्हणाला, "तो टेकाडाजवळचा. बऱ्याच हातांचा. तो उभा आहे म्हणून."

"सांगा," अंपारो म्हणाली. "वाट बघत असेल."

तो मानेनेच हो म्हणाला, आणि तिला पुढचं गवत धरता यावं म्हणून जरासा सरकला.